रेडिओवरचा विनोद स्टेजवर फिका का पडतो?

कुणीतरी म्हटलंय की रेडिओवर नाव कमावलेला विनोदवीर स्टेजवर हमखास आपटतो. हमखास नाही हो. पु. लं.चंच बघा. आकाशवाणीत नोकरी, मग १९५९ मध्ये दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम, आणि नंतर 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर. माईकसमोर कमावलेला आवाज त्यांना थिएटरात नक्कीच उपयोगी पडला असणार, असं मला तरी वाटतं.

अडचण वेगळीच आहे. रेडिओवर हशा ऐकूच येत नाही, त्यामुळे थांबायचं किती ते कळत नाही. टीव्हीवर उलट: एखादा पंच फसला तरी एडिटिंगमध्ये हशा चिकटवता येतो, समोर परीक्षक हसतच असतात. हीच सवय घेऊन माणूस ठाण्याच्या गडकरी रंगायतनला उभा राहिला की फजिती ठरलेली. मी तिथे असा एक प्रयोग पाहिलाय (नाव राहू दे). टीव्हीवर लोळवणारा गडी, पण हशा पूर्ण व्हायच्या आत पुढचं वाक्य. निम्मे विनोद टाळ्यांखालीच गेले. मध्यंतरात मागच्या रांगेतले काका म्हणाले, "याला जरा श्वास घ्यायला सांगा." ते वाक्य त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू घेऊन गेलं!

वाशीच्या भावे नाट्यगृहात कुणाला असा अनुभव आलाय का? तिथला प्रेक्षक कसा आहे, ऐकायला आवडेल.