इंकस्केप : ट्रेस केलेल्या चित्राची कड नितळ का येत नाही?

कित्ता (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून संकल्पचित्र व अक्षरलेखन घोटून घेण्यात नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे हातात कुंचला असला की रेघ कुठे आणि किती वळवावी हे मला कोणी सांगावे लागत नाही. संगणकावर मात्र मी अजून धुळाक्षरेच गिरवतो आहे.

आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाने मसाल्याच्या पाकिटासाठी आणि दुकानावरच्या पाटीसाठी एक चिन्ह करून मागितले. मी कागदावर काळ्या शाईने एक कोयरी काढली, तिच्या पोटात मिरची काढली, मोबाइलवर फोटो घेतला आणि तो इंकस्केप या चित्रे काढण्याच्या संगणक-प्रणालीत आणून 'ट्रेस बिटमॅप' केला, म्हणजे फोटोवरून आकाराच्या रेषा तिच्याकडूनच काढून घेतल्या. खाली 'घरचा मसाला' ही अक्षरे मुक्ता या टंकात लिहिली आणि ती उठून दिसावीत म्हणून त्यांना बाहेरून पांढरी किनार दिली. पडद्यावर सगळे बरे दिसत होते. रेडियम कापून देणाऱ्या दुकानदाराने मात्र फाइल परत केली. कोयरीची कड दातेरी कापली जाते, अक्षरांच्या मधोमध चिरा पडतात आणि फाइल कर्व्ह केलेली नाही, असे त्याचे म्हणणे होते.

घरी येऊन चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा कोयरीच्या कडेने गुळाला मुंग्या लागाव्यात तसे बारीक चौकोन दिसले. खालच्या पट्टीवर त्यांची संख्या ११०० च्या पुढे होती. कागदावर ही कोयरी मी दोन फटकाऱ्यांत काढली होती. संगणकाला तिच्यासाठी हजारावर बिंदू का लागावेत? ट्रेस करण्याची काही अधिक चांगली रीत आहे, की पेनचे साधन शिकण्यावाचून गत्यंतर नाही? शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? आणि अक्षरांमधल्या चिरांचे काय करावे?

अवग्रह

सर, आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नातच बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर दडलेले आहे. कोयरी म्हणजे एक भरदार पोट आणि एक मुरडलेले टोक, हे आपल्या हाताला ठाऊक आहे. ट्रेस करणाऱ्या प्रणालीला ते ठाऊक नसते. ती फक्त गडद कोठे संपते आणि फिकट कोठे सुरू होते एवढेच पाहते. त्यामुळे कागदाच्या पोतात फुटलेली शाई, फोटो काढताना पडलेली सावली आणि मोबाइलच्या चित्रातले चौकोनी ठिपके या सगळ्यांच्या कडेकडेने ती इमानाने फिरते आणि प्रत्येक खाचखळग्यावर एक नोड, म्हणजे आपल्याला दिसला तो बारीक चौकोन, ठेवते. शिवाय शाईच्या रेघेला दोन कडा असतात, म्हणून आपण एकदा ओढलेली रेघ तिच्या लेखी एक लांबट बंद आकार होते. इंकस्केपच्या १.० या आवृत्तीपासून रेघेचा मध्य धरून ट्रेस करण्याची सोय आली आहे, परंतु कुंचल्याने ओढलेल्या, जाडी बदलत जाणाऱ्या रेघेसाठी तिचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्यासारख्या हात बसलेल्या माणसाने ट्रेसच्या वाटेला जाऊच नये. साधने कोणती आणि किती, हे हळूहळू कळत जाते. सुरुवातीला शिकण्याची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कमीत कमी नोड कोठे ठेवावेत.

दोन नोडांमधली वक्ररेषा चार बिंदूंनी ठरते : दोन टोकांचे नोड आणि त्या प्रत्येकातून निघालेल्या दांडीचे, म्हणजे हँडलचे, दुसरे टोक. दांडी ज्या दिशेला असते त्या दिशेने रेषा नोडमधून बाहेर पडते आणि दांडी जितकी लांब असेल तितकी ती त्या दिशेला रेंगाळून मग वळते. फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांना गाडीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत नेमका सांगायचा होता, त्यातून ही पद्धत निघाली. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये ती शोधली होती, पण कंपनीने ते काम गुपित ठेवले. रनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ती प्रसिद्ध केली, म्हणून 'बेझिए वक्र' असे नाव त्यांचे लागले. आपण भूमितीच्या तासाला वापरत असाल त्या फ्रेंच कर्व्हचेच हे भावंड आहे असे मानायला हरकत नाही.

हे हाताला कळावे म्हणून एक प्रयोग करून पाहावा. कंट्रोल दाबून ठेवून वर्तुळ काढावे, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून त्याचा पाथ, म्हणजे नोडांनी बांधलेली रेषा, करावा आणि मग एन दाबून नोडचे साधन घ्यावे. संपूर्ण वर्तुळाला वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असे चारच नोड दिसतील. प्रत्येक दांडीची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट असते. गणिताच्या दृष्टीने हे अचूक वर्तुळ नव्हे, पण त्यातली चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्याहूनही कमी असल्यामुळे डोळ्याला ती कधीच दिसत नाही. आता वरचा नोड धरून वर आणि थोडा उजवीकडे ओढावा, शिफ्ट-सी दाबून त्याला टोकदार करावे, म्हणजे त्याच्या दोन्ही दांड्या एकमेकींपासून सुट्या होतील. डावीकडची दांडी पाठीच्या बाकाप्रमाणे ठेवावी आणि उजव्या बाजूला जाणाऱ्या रेषेची दांडी खाली-डावीकडे वळवावी. चार नोडांत कोयरी तयार होते. इंकस्केपची एसव्हीजी फाइल मुळात साधा मजकूर असल्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडते. चार नोडांच्या या कोयरीचे सगळे वर्णन तिथे २६ आकड्यांत मावते. आपल्या ट्रेस केलेल्या कोयरीची फाइलही तशीच उघडून पाहावी, म्हणजे पाटीवर दाते कोठून आले ते तिथेच उलगडेल.

हा प्रयोग चार-पाच वेळा झाला की आपला मूळ फोटो खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवून, फिका करून त्या लेयरला कुलूप लावावे आणि वरच्या लेयरवर पेनने, म्हणजे बी दाबून, गिरवावे. नुसते क्लिक केले की कोपरा होतो. क्लिक करून बटण न सोडता ओढले की वळण होते. रेषा जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचते तिथे नोड ठेवावा आणि त्याची दांडी अगदी आडवी किंवा उभी ठेवावी. टंक घडवणारे लोकही हीच शिस्त पाळतात. दांडी त्या तुकड्याच्या साधारण एक-तृतीयांश लांबीची असली की वळण सहसा गोंडस येते. पहिल्याच फेरीत रेषा फोटोवर तंतोतंत बसली पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. नोड ठेवून घ्यावेत, आकार बंद करावा आणि दुरुस्ती एन दाबून नंतर करावी. नवशिक्याचा बहुतेक वैताग पेन हातात असतानाच अचूकता साधण्याच्या आटापिट्यातून येतो.

कंट्रोल-एल दाबून नोड कमी करण्याची आज्ञाही आहे, पण ती लागोपाठ दाबत राहिल्यास तिचा जोर वाढत जातो आणि मिरचीचा देठ बघता बघता वितळून जातो. ती जपून वापरावी.

खिळा_आणि_कटर

सर, मी स्वतः रेडियम कापण्याचे काम करतो, म्हणून चिरांविषयी सांगतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते आणि शब्दात सलग रेघ दिसावी म्हणून टंक घडवणारे शेजारच्या दोन शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवून ठेवतात. शाईने भरलेल्या अक्षरांत हे कधीच दिसत नाही. परंतु कटरचे पाते रंग पाहत नाही, ते फक्त कडेवरून चालते. 'मसाला' या शब्दात 'म' ची कड आणि 'सा' ची कड एकमेकींना छेदत असेल तर पाते तिथेही चिरत जाते. आपण किनार दिली तेव्हा अक्षरांच्या सांध्यांवर बारीक उभ्या रेघा दिसल्या असतील, त्या याच.

उपाय सोपा आहे. अक्षरे निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावे, म्हणजे त्यांचा मजकूर न राहता आकार होतो. आम्ही 'फाइल कर्व्ह करून आणा' म्हणतो ते हेच. मग कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून गट सोडवावा आणि सगळे तुकडे निवडून कंट्रोल व अधिकचे चिन्ह दाबून त्यांचा युनियन, म्हणजे एकजोड आकार, करावा. कोरलड्रॉ ही दुसरी चित्र-प्रणाली वापरणारे याला वेल्ड म्हणतात. शिरोरेषा सलग होते आणि किनार बाहेरून एकच फिरते. हे करण्यापूर्वी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवावी, कारण एकदा आकार झाला की वेलांटी चुकल्याचे लक्षात येऊनही ती टाइप करून सुधारता येत नाही. अशा चुका गिऱ्हाइकाला पाटी लागल्यावरच दिसतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट आहे. रेघेला जाडी देऊन काढलेली नक्षी आमच्या यंत्राला केसाएवढीच दिसते, कारण पाते रेघेच्या मध्यावरून जाते आणि जाडी सोडून देते. मिरचीचा देठ आपण रेघ म्हणून काढला असेल तर कंट्रोल-ऑल्ट-सी दाबून त्या जाडीचाच आकार करून घ्यावा. त्यामुळे चित्र लहानमोठे करताना रेघ अचानक बोजड किंवा किरकोळ दिसण्याचा घोळही टळतो. कापून झाल्यावर नको असलेले रेडियम आम्ही सुईने उचलून काढतो, त्यात फार बारीक टोके हाती लागून निघून येतात. म्हणून कोयरीचे टोक सुईसारखे न ठेवता जरा बोथट ठेवावे, अशी विनंती आहे.

काळी_शाई

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या भागातल्या छापखान्यांत कोरलड्रॉ चालते. आपण इंकस्केपची फाइल घेऊन गेलात की ऑपरेटर ती कोरलमध्ये उघडतो आणि तिथून पुढे जे होते त्यावर आपला ताबा राहत नाही. पाकीट छापायचे आहे म्हणून रंगांचेही पाहावे लागेल. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांत निघते आणि छापताना तिचे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, रूपांतर होते, तेव्हा पडद्यावरची तिखटाची झळाळती लाली कागदावर मवाळ होऊन उतरते. काळ्याचे तर विशेषच जपावे लागते : आरजीबी काळ्याचे रूपांतर बहुधा चारही शायांच्या मिश्रणात होते आणि छपाईत त्या शाया केसभर जरी सरकल्या तरी घटकपदार्थांच्या यादीतली बारीक अक्षरे पुसट दिसतात. तिथे फक्त १०० टक्के काळी शाई हवी, असे छापखान्यात आवर्जून सांगावे. इतके सोपस्कार करण्यापेक्षा सरांनी थेट कोरलच का शिकू नये?

अवग्रह

रंगांविषयीचा आपला मुद्दा अगदी रास्त आहे, पण कोरल विकत घ्यावे लागते आणि बचत गटाच्या एका चिन्हासाठी तो खर्च मला पटत नाही. इंकस्केप २००३ पासून मुक्त आणि विनामूल्य आहे. सीएमवायके रंग स्वतःच ठरवायचे असतील तर एसव्हीजी फाइल स्क्रायबस या पानांची मांडणी करण्याच्या प्रणालीत नेऊन तिथे देता येतात, आणि तेही विनामूल्यच आहे. शिवाय नोड आणि दांड्या यांचे कसब सगळ्या चित्र-प्रणालींत सारखेच असते. १९८७ च्या इलस्ट्रेटर या प्रणालीत जी दांडी होती तीच आजही आहे. बदलतात ती बटणांची ठिकाणे. सरांचा हात इंकस्केपवर बसला तर उद्या कोरलवर बसायला त्यांना आठवडा पुरेल.

कित्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस वर्तुळाची कोयरी करत बसलो. पहिली वांग्यासारखी झाली, दुसरी चिंचेच्या बोटुकासारखी, आणि सहाव्या खेपेला कोयरी म्हणावी असे काही उतरले. त्यानंतर फोटोवरून गिरवले, तेव्हा कोयरी ५ आणि मिरची देठासह ९ नोडांत बसली. संकल्पचित्राच्या तासाला मी मुलांना 'रेघ चाचपडत काढू नका, आधी ती कोठे जाऊन थांबणार ते पाहा' असे बजावत असे. इथे नोड ठेवताना नेमके तेच करावे लागते. मधले सगळे दांडीवर सोपवायचे, एवढाच फरक. अक्षरांचा युनियनही जमला आणि किनार सलग फिरली.

एक अडचण मात्र राहिली आहे. टोकाजवळची मुरड हवी तशी येत नाही. दांडी लांब केली की रेषा स्वतःलाच ओलांडून एक गाठ पडते आणि आखूड केली की मुरड सपाट होते. तिथे आणखी एक नोड घालावा काय?

अवग्रह

होय सर, इथे तो घालावाच. चार बिंदूंनी ठरणाऱ्या एका तुकड्याला फार तर एक साधी नागमोड पेलते. टोक जवळजवळ आतल्या बाजूला वळवायचे असेल तर एका तुकड्यावर तो भार पडून गाठ होते. मुरडीचा बाक जिथे सर्वांत खोल आहे तिथे नोडच्या साधनाने रेषेवर डबल-क्लिक करावे, नवा नोड शिफ्ट-एस दाबून नितळ करावा आणि त्याची दांडी वळणाला स्पर्शून जाईल अशी ठेवावी. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या आखूड झाल्या की गाठ सुटेल. कोयरीचे ६ नोड होतील, तेवढे असू द्यावेत.

खिळा_आणि_कटर

आणि सर, टोक बोथट ठेवायचे विसरू नका. फाइल एसव्हीजी आणि पीडीएफ अशी दोन्ही प्रकारांत आणलीत आणि पाटीचे माप इंचांत लिहून आणलेत, तर कोणताही कापणारा ती परत करणार नाही.