ऑनलाइन शाळा, रंग संपलेत, वारली कशी काढू?

प्रश्न (कोरोना लॉकडाऊनच्या काळातला): लेक सहावीत, शाळा मोबाईलवर, सरांनी वारली चित्राचा फोटो मागितलाय पण लॉकडाऊनमुळे स्टेशनरीचं दुकान बंद आणि पोस्टर कलर संपलेत, काय करू?

उत्तर: अहो ताई, पोस्टर कलर लागतोच कुठे! मूळ चित्रं गेरूच्या भिंतीवर पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने काढतात, बांबूच्या काडीचं टोक चेचून ब्रश करतात. भिंतीऐवजी खाकी पाकीट उलगडून द्या, पिठात थोडा डिंक घाला नाहीतर वाळलं की झडतं.

उत्तर: मी चित्रकला शिकवते. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एवढं कळलं की मुलं सुटतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं आधी दाखवा, २०११ ची पद्मश्री मिळाली होती त्यांना. फोटो खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको.

ताई: जमलं हो! तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या तालावरचा वारली नाच) काढलाय, खूप आभार.