खिडकीवाल्याचं बिल

परब, बी-1102: नमस्कार. कमिटीने गेटवर ज्याला टेबल लावू दिलं, त्या खिडकीवाल्याच्या स्लायडिंगमधून पहिल्याच पावसात पाणी आत. वॉरंटीचं विचारलं तर म्हणतो बिल पाठवा. बिल त्यानेच दिलेलं नाही! कार्डामागे बॉलपेनने लिहिलंय, '84,000 + जीएसटी. रोख 84,000 फक्त.'

सेक्रेटरी: परब साहेब, व्यवहार तुमचा वैयक्तिक आहे 🙏

परब: टेबलाचं भाडं मात्र सोसायटीने घेतलं.

जोशी काका, ए-304: रोखीला सूट देणं बेकायदा नाही. बिल न देणं बेकायदा आहे.

शिंदे वहिनी: काका, 15,120 वाचतात तर कोण सोडेल? अर्ध्या विंगने तसंच केलंय.

जोशी काका: वहिनी, सूट म्हणजे स्वतःच्या नफ्यातून सोडलेले पैसे. हा सरकारचा कर बुडवून तुमच्यावर उपकार दाखवतोय. कार्डावर जीएसटी नंबर आहे, म्हणजे नोंदणीही आहे.

सावंत, बी-1204: बाराव्या मजल्यावर पाणी नाही, ते आधी बघा.

परब: माझ्याकडे येतंय सावंत, खिडकीतून. बादली पाठवा 😀

मेघना, सी-605: मला म्हणाला, यूपीआय केलंत तर 2 टक्के जादा.

जोशी काका: कशाचे? बँक खात्यातून यूपीआय केलं तर एमडीआर, म्हणजे दुकानदाराला बँकेला द्यावं लागणारं शुल्क, शून्य आहे, जानेवारी 2020 पासून.

जोशी काका: पुन्हा सांगतो. रोखीला सूट देणं बेकायदा नाही. बिल न देणं बेकायदा आहे.

शिंदे वहिनी: वाचलं काका 🙏

नाईक, ए-1401: आमच्या किचनचे 3 लाख तो दोन दिवसांत दीड-दीड रोख मागतोय. चालेल ना?

जोशी काका: अजिबात नाही. एकाच व्यवहाराचे तुकडे केले तरी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, एप्रिल 2017 पासून. दंड घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेएवढा.

सावंत: बाराव्या मजल्याचं पाणी??

परब: माझं काय ते सांगा कुणीतरी.

मेघना: परब काका, 1915 ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, त्याचे मेसेज डिलीट करू नका. पैसे बँकेतून काढले असतील तर ती एंट्रीही दाखवा.

सेक्रेटरी: तक्रारीत सोसायटीचं नाव घालू नये, ही विनंती.

परब: नाही घालत. पण यापुढे पक्कं बिल देणाऱ्यालाच गेटवर टेबल, असं लेखी द्या.

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये घेऊ.

शिंदे वहिनी: मीटिंगमध्ये नको, आजच नोटीस लावा. रविवारी तो परत येणार आहे.