मदत हवी आहे: 'दरी' ही भाषा कोणत्या शाखेत नोंदवावी?

मृद्गंध: ध्वनिमुद्रणांच्या सूचीत 'भाषा' आणि 'शाखा' हे दोनच रकाने राहिले आहेत. मी 'दरी, फार्सीची बोली' असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी कारण न देता ते परत पाठवले. उद्या सायंकाळी सूची द्यायची आहे. नेमके काय लिहू?

दूरस्थ: तुमचे बरोबरच आहे. दरी म्हणजे अफगाणिस्तानातील फार्सी. १९६४च्या राज्यघटनेत हेच नाव आहे.

कोरांटी: बोलणारी व्यक्ती कोण आणि मूळची कुठली, हे आधी सांगा.

मृद्गंध: पुण्यातील इराणी झरथुष्ट्री आजी आहेत, माहेर इराणातल्या यझ्दकडचे. त्याने फरक पडतो का?

कोरांटी: सगळाच फरक पडतो. 'दरी' हे नाव एक, पण भाषा दोन. यझ्द आणि कर्मानच्या झरथुष्ट्रींची दरी, म्हणजेच बेहदीनी, ही इराणी भाषाकुळाच्या वायव्य शाखेतली, मध्य पठारी गटातली भाषा असून नाईनी, गझी, खुन्सारी या तिच्या बहिणी आहेत. फार्सी मात्र नैर्ऋत्य शाखेची. संस्कृतातल्या 'ज'च्या जागी बऱ्याच शब्दांत वायव्य शाखेत 'झ' येतो, तर फार्सीत 'द': आपला 'जामातृ' अवेस्तात (झरथुष्ट्रींच्या प्राचीन धर्मग्रंथात) 'झामातर' आणि फार्सीत 'दामाद' होतो. आजी 'जाणणे'साठी कोणता शब्द वापरतात, तो ऐका.

पायवाट: मुंबईतल्या इराणी ओळखीच्यांशी मी कायम फार्सीतच बोलत आलो आहे. निम्मे शब्द तेच असताना वेगळी शाखा कशाला? त्यापेक्षा फार्सीचा वर्ग लावा.

कोरांटी: ते दोन्ही भाषा बोलतात, म्हणून तुमचे काम भागले. उसन्या शब्दांवरून किंवा शेजारावरून शाखा ठरत नाही. सीवंदी ही भाषा फार्स प्रांतात, म्हणजे फार्सीच्या मूळ प्रदेशात बोलली जाते, तरीही ती वायव्य शाखेतच धरतात.

शेवंती: पारशी आणि इराणी यांत गल्लत करू नका, पारशांची घरची भाषा गुजराती.

कोरांटी: खरे आहे, पण येथे तो प्रश्न नाही.

मृद्गंध: पुन्हा ऐकले. 'जाणणे'चा शब्द खरोखर 'झ'नेच सुरू होतो. 'म्हणाला'साठी आजी फार्सीतले 'गोफ्त' न म्हणता 'वोत्' म्हणतात.

कोरांटी: तो आपल्या 'वच्' धातूचा सगोत्र. शिवाय सकर्मक भूतकाळात कर्त्याचे सर्वनाम निराळ्या, जोडरूपाने येते; आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणताना 'तो'चे 'त्याने' करतो, त्याच्या जवळची ही रचना आहे आणि आजच्या फार्सीत ती उरलेली नाही. शाखेच्या रकान्यात 'वायव्य इराणी, मध्य पठारी गट' लिहा. गावही विचारा, कारण यझ्दच्या परिसरात गावोगाव रूपे बदलतात.

मृद्गंध: आजींच्या मुलीला फोन केला होता. गाव शरीफाबाद. भाषेच्या रकान्यात 'झरथुष्ट्री दरी (शरीफाबाद)' असे लिहीत आहे.