चिठ्ठ्या टाकल्या नाहीत म्हणजे पुरावा दुय्यम?

चौकस_सातारकर (धागाकर्ता)

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या पुस्तकांत संशोधन अभिकल्पांची, म्हणजे अभ्यासाच्या आखणीच्या पद्धतींची, एक ठरलेली उतरंड असते. वर 'खरा' प्रयोग. त्यात प्रायोगिक गटात (ज्यांच्यावर उपाय करून पाहायचा) कोण आणि नियंत्रित गटात (ज्यांच्याशी तुलना करायची) कोण, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सरळ चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्याच्या खाली अर्ध-प्रायोगिक अभिकल्प, जिथे गट आधीच पडलेले असतात आणि संशोधकाला फक्त तुलना करता येते. विद्यार्थी पाठ करतो: वरचं पक्कं, खालचं कच्चं. मला हे पटत नाही.

रोमानियाचं उदाहरण घ्या. १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या राजवटीने गर्भपातावर बंदी आणली. पोसता न येणारी मुलं सरकारी अनाथालयांत जमा होत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, जगाने ती अनाथालयं पाहिली आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत बरीच मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या गटाने त्यातल्या १६५ मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. तुलनेला होती ब्रिटनमधलीच, सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुलं.

एरवी अशा अभ्यासावर एक हमखास आक्षेप असतो: अनाथालयात जास्त राहिलेलं मूल मुळातच अशक्त असेल, म्हणून तर कुणी नेलं नाही. पण इथे राजवट पडेपर्यंत मुलं जवळपास बाहेर जातच नव्हती. मूल किती महिने आत राहिलं, हे त्याच्या प्रकृतीपेक्षा राजवट पडली तेव्हा त्याचं वय काय होतं यावर ठरलं. सहा महिन्यांच्या आत सुटलेली मुलं ब्रिटिश मुलांच्या बरोबरीला आली. त्याहून जास्त राहिलेल्यांपैकी अनेकांमध्ये लक्ष न लागणं, परक्या माणसाला चटकन बिलगणं, स्वमग्नतेसारखी लक्षणं हे सगळं तरुणपणीही दिसत होतं.

कुणी चिठ्ठी टाकली नव्हती. हा पुरावा कच्चा कसा?

नाणेफेक

कच्चा नाही, अपुरा आहे. जी मुलं मागे राहिली त्यांचं काय झालं? तो गट रटर यांच्याकडे नाहीच. सगळी मुलं दत्तक गेलेली. शिवाय ब्रिटनहून आलेल्या जोडप्यांनी कोणतं मूल उचललं आणि कोणतं नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. हसरं बाळ आधी उचललं जातं, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

त्यासाठीच रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, प्रयोग झाला. नेल्सन, फॉक्स आणि झीना या तिघांनी अनाथालयांतल्या १३६ तान्ह्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ६८ मुलं पालक-कुटुंबांत, म्हणजे त्यांना सांभाळायला तयार झालेल्या दुसऱ्या कुटुंबांत, गेली, ६८ आहे त्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर सरासरी बुद्ध्यांक कुटुंबात गेलेल्यांचा ८१, न गेलेल्यांचा ७३ (कधीच अनाथालयात न गेलेल्या स्थानिक मुलांचा १०९). आठ गुणांचा हा फरक 'हसऱ्या बाळां'मुळे पडला असं कुणीही म्हणू शकत नाही.

आणखी एक जुनं उदाहरण. १९३९ मध्ये बोस्टनजवळ केम्ब्रिज आणि सॉमरव्हिल इथे ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या कुणाला मदत मिळणार हे नाणं उडवून ठरवलं. मदत म्हणजे घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. वाया जाऊ शकणारी मुलं सावरावीत हा हेतू. तीस-एक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांना शोधून काढलं. आपल्याला फायदा झाला असं मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश म्हणाले. पण नाणं ज्यांच्या बाजूने पडलं नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं तर एकाही बाबतीत सरशी नाही, आणि दारूचं व्यसन, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत उलट परिस्थिती वाईट. नियंत्रित गट नसता तर या कार्यक्रमाचा पुतळा उभा राहिला असता.

रानजाई

आकडे ठीक आहेत, पण ६८ मुलांची चिठ्ठी निघाली नाही हे इतक्या सहज कसं लिहिता येतं? मुलांना माणसांची ऊब लागते हे मनोविकारतज्ज्ञ स्पिट्झने १९४५ मध्ये सांगितलं, त्याच क्षेत्रातल्या बोल्बीने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात सांगितलं. माहीत असलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठी निम्म्या तान्ह्या मुलांना अनाथालयात ठेवायचं, याला मी शास्त्र म्हणणार नाही. रटर यांनी कुणाचं काही अडवलं नाही. माझ्या लेखी तोच अभिकल्प वरचा.

नाणेफेक

रानजाई, 'ठेवलं' हा शब्द बरोबर नाही. तेव्हा बुखारेस्टमध्ये पालक-कुटुंबांची व्यवस्था जवळपास नव्हतीच. प्रकल्पाने स्वतः ५६ कुटुंबं शोधली, त्यांना पैसे आणि मार्गदर्शन दिलं. जागा कमी, मुलं जास्त. अशा वेळी चिठ्ठीपेक्षा न्याय्य वाटप कोणतं? कुणाला घर मिळत असेल तर संशोधनासाठी थांबवायचं नाही हा नियमच होता, आणि नियंत्रित गटातली बरीच मुलं पुढे घरी गेलीही. या शास्त्रज्ञांना बोलावलं तेही रोमानियाच्या बालसंरक्षण खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, कारण देशातल्या देशात दाखवता येईल असा पुरावा त्यांना हवा होता.

रानजाई

जागा कमी होत्या हे मान्य. पण किती कुटुंबं शोधायची हे कुणी ठरवलं? अनुदानाच्या रकमेने. टंचाई आधी गृहीत धरली आणि मग तिचं न्याय्य वाटप केलं. माझा आक्षेप जागच्या जागी आहे.

एमएड_ग्रस्त

तुम्ही सगळे बुखारेस्टला, मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. इथल्या प्रबंधांच्या कपाटात 'अमुक कार्यक्रमाची परिणामकारकता' या शीर्षकाचे कितीतरी खंड आहेत. कृती ठरलेली: पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडा, तीन आठवडे कार्यक्रम राबवा, उत्तरचाचणी घ्या, टी-मूल्य सार्थ (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही), कार्यक्रम परिणामकारक. मार्गदर्शक खूश, बहिस्थ परीक्षक चहा पिऊन परत.

तळाची मुलं दुसऱ्यांदा मोजली की काहीही न करता थोडी वर सरकतात. त्या दिवशी ताप होता, पेपर कळला नव्हता, असं काहीही असतं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि संशोधन अभिकल्पांवर लिहिणाऱ्या कॅम्पबेल व स्टॅन्ले यांनी १९६३ मध्येच त्याचा धोका सांगून ठेवलाय. पण आमच्याकडे 'अर्ध-प्रायोगिक' हे नाव ढालीसारखं वापरतात. तेव्हा चौकसराव, उतरंड मोडा म्हणताना जरा जपून. ज्यांना ती धड चढायचीच नाही ते आधी टाळ्या वाजवतील.

चौकस_सातारकर

एकच गट घेऊन आधी-नंतर मोजायचं, याला कॅम्पबेल-स्टॅन्ले अर्ध-प्रायोगिकही म्हणत नाहीत. ते त्याला प्रयोगपूर्व अभिकल्पांत बसवतात, त्याहून एक पायरी खाली. तुमचं कपाट माझ्या विरोधातला पुरावा होत नाही.

चिठ्ठी न टाकता नीट काम कसं होतं ते पाहायला गडचिरोली आहे. विषय मानसशास्त्राचा नाही, पण अभिकल्प तोच. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली, ४७ गावं तुलनेसाठी. गावं चिठ्ठीने वाटलेली नव्हती. पण काम सुरू करण्याआधी दोन वर्षं दोन्हीकडचे मृत्युदर मोजले, ते जवळपास सारखे होते. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेलं. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं का? असेल. पण अडलं का?

म्हापशेकर

आमच्या गोव्यात अडू न देता चिठ्ठ्याही टाकल्या. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नाहीत, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. 'संगथ' संस्थेचं काम, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

हा ३९ चा आकडा बघा. नुसतं आधी-नंतर मोजलं असतं तर त्यांचंही श्रेय समुपदेशनाने खाल्लं असतं. आणि रानजाईताई, नियंत्रित गटाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. केंद्रातली नेहमीची सेवा सुधारून त्यांनाही दिली होती. असं करता येतं.

रानजाई

हा नमुना मला चालेल. मोठ्या माणसाला विचारून संमती घेता येते, तान्ह्या बाळाला नाही, एवढा फरक तरी लक्षात ठेवा.

एमएड_ग्रस्त

चौकसराव, एक गट नको, दोन घ्या? घेतो. अमेरिकेत १९६९ मध्ये हेड स्टार्ट या बालवाडी योजनेचं मूल्यमापन असंच झालं. चिठ्ठ्या नाहीत, योजनेतल्या मुलांशी जुळणारी बाहेरची मुलं शोधली. योजना फारशी उपयोगी नाही असा निष्कर्ष निघाला. लगेच पुढच्या वर्षी कॅम्पबेल आणि एर्लबाकर यांनी त्यातली मेख दाखवली: अधिक गरीब वस्तीतली वरची मुलं आणि बऱ्या वस्तीतली खालची मुलं जुळवली की पुढच्या मोजणीत दोघं आपापल्या सरासरीकडे जातात, आणि चांगली योजनाही नुकसान करणारी दिसू शकते. म्हणजे अर्ध-प्रायोगिक पद्धतीला मान मिळवून देणाऱ्या कॅम्पबेलनेच तिचा कान धरला.

चौकस_सातारकर

अगदी, आणि मी तेच म्हणतोय. गट कसे पडले हे हेड स्टार्टमध्ये नीट माहीत नव्हतं, रोमानियात माहीत होतं. पारख तिथे करा, नावावरून नको.

आता नाणेफेक यांना एक प्रश्न. बुखारेस्टच्या प्रयोगातलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य आठ गुणांचं नाही. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेली मुलं जास्त सावरली, हे ते वाक्य. धोरणकर्ते तेच सांगतात. पण कुटुंबात जायचं की नाही एवढंच चिठ्ठीने ठरलं होतं. कोणत्या वयात जायचं हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं, चिठ्ठी निघाली तेव्हा मूल जेवढ्या वयाचं होतं तेवढं. म्हणजे तुमच्या 'खऱ्या' प्रयोगातलं ते वाक्य आमच्याच जातीचं, अर्ध-प्रायोगिक. मान्य?

नाणेफेक

मान्य. म्हणूनच मी वर आठ गुण लिहिले, दोन वर्षं नाही.