मदत हवी आहे: कॉफी पावडर किलोला ५६०, ९२० की १८००? (बडोदा)

रावपुरेकर
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं साबुदाणा वडा-मिसळीचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक कॉफी मागतं म्हणून चालू करतोय. सप्लायरने तीन भाव दिलेत, वर लिहिलेत ते. महाग ती चांगली असं खरंच काही असतं, की नुसते नावाचे पैसे? उद्या दुपारपर्यंत ऑर्डर द्यायची आहे. लवकर सांगा.

निवांत
पूड की अख्ख्या बिया? चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती? पितळी फिल्टर की मशीन? काळी की दुधाची? कप केवढा आणि विकणार कितीला? नुसत्या भावावरून कोण काय सांगणार?

रावपुरेकर
दुधाचीच हो, काळी कोण पितंय इथे. बाकी कॉफीसारखी कॉफी.

अक्का_मांजलपूर
एवढा खल कशाला? दूध उकळायला ठेवा, साखर टाका, कॉफी टाका, उतरवताना जायफळ. आमच्याकडे मंगळागौरीपासून बारशापर्यंत हीच कॉफी झाली, कोणी नावं ठेवली नाहीत. ५६०ची घ्या. जायफळ मात्र अख्खं आणून किसा, तयार पूड आणू नका, तिला भुश्याचा वास येतो.

घाटमाथा
अक्का, जायफळ घातल्यावर खाली कुठली कॉफी आहे ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मग ५६० तरी का घालवायचे?

रावपुरेकर, नोकरीनिमित्त चिकमगळूरकडे राहिलोय, म्हणून भाव कुठे जातो ते सांगतो. अरेबिका ही कॉफीची महाग जात, तिच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळं असतात. चांगल्या मळ्यात तोडणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून फक्त लाल झालेली काढतात. स्वस्त मालात सगळं एकदम ओरबाडतात, कच्चं-वाळलेलं काही बघत नाहीत. पाच-सहा किलो फळांतून किलोभर कच्ची बी निघते, आणि भाजताना तिचंही १५ ते २० टक्के वजन उडतं. शिवाय सालं काढून, आंबवून, धुऊन वाळवायचं, ती मजुरी वेगळी. रोबस्टा ही दुसरी जात सखल भागात येते, कीड कमी लागते, कॅफीन जवळपास दुप्पट, चव कडवट, भाव उतरता. भारतात पिकते त्यात बहुतांश रोबस्टाच. त्यात ब्राझीलला २०२१मध्ये हिमदव पडलं, २०२४मध्ये दुष्काळ, फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. म्हणजे नुसतं नावच नाही, पण १८००च्या पाकिटात नावाचेही पैसे असणारच. ते कुठल्या भाजणीचं आहे?

कटिंगप्रेमी
बडोद्यात कॉफी विकणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आलं-फुदिन्याचा चहा ठेवा, रांग लागेल. मी फतेहगंजात बघतो ना, कॉफीच्या दुकानात पोरं एक कप घेऊन दोन तास लॅपटॉप उघडून बसतात.

रावपुरेकर
चहा आहेच, कॉफीचं विचारलंय. १८००च्या पाकिटावर लाइट रोस्ट (हलकी भाजलेली) लिहिलंय, बिया आहेत. मिक्सरमध्ये दळेन.

निवांत
अहो हे आधी नाही का सांगायचं! १८०० कटाप. लाइट रोस्ट ही दुधाविना प्यायची. तिच्यात जो लिंबासारखा, फळासारखा आंबटपणा असतो त्याचेच पैसे आहेत, आणि दूध-साखर पडली की तोच आधी मरतो. मिक्सरमध्ये अर्धी पीठ होते, अर्धी भरड राहते, मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही.

दुकानाचा हिशेब बघा. कपाला १० ग्रॅम पूड धरली तर १८००वाली कपाला १८ रुपये, ९२०वाली ९ रुपये २०, ५६०वाली ५ रुपये ६०. त्यावर दूध, साखर, गॅस. कप कितीला विकणार ते अजून सांगितलं नाहीत.

रावपुरेकर
३०. कप चहाच्यापेक्षा जरा मोठा. फिल्टर आईच्या माहेरचा पितळी आहे, मोठा. मग ९२०च घेतो, सप्लायर म्हणतो त्यात चिकोरी अजिबात नाही.

शुद्धकॉफी
योग्य निर्णय. चिकोरी म्हणजे भेसळ. मूळ भाजून कॉफीत मिसळायचं आणि कॉफीच्या भावाने विकायचं. त्यात कॅफीनचा पत्ता नाही.

घाटमाथा
भेसळ कशी? सांगून घातली तर मिश्रण, न सांगता घातली तर भेसळ. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हीची टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. दुधाच्या कॉफीत १५-२० टक्के चिकोरीने अंग येतं, रंग टिकतो. अख्खा दक्षिण भारत तशीच पितो. आणि बडोदेकरांनी चिकोरीला नावं ठेवू नयेत, आणंद आणि खेडा जिल्ह्यांतल्या शेतातच पिकते ती!

शुद्धकॉफी
अख्खा दक्षिण भारत नाही. माझे सासरे म्हैसूरचे, घरी चिकोरीचा कणही येत नाही.

घाटमाथा
सासऱ्यांना नमस्कार सांगा.

पित्तप्रकृती
उपाशीपोटी कॉफी घेतल्याने मला जबरदस्त ॲसिडिटी होते. कोणाला अनुभव? डिकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) बडोद्यात कुठे मिळेल?

निवांत
पित्तप्रकृती, वेगळा धागा काढा.
रावपुरेकर, ९२०वालं पाकीट छापील आहे का? भाजल्याची तारीख काय?

रावपुरेकर
साधी पारदर्शक पिशवी, वर पेनाने ९२० लिहिलंय. तारीख नाही.

निवांत
मग आत्ता एक करा. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, वरून चमचाभर पूड अलगद सोडा, ढवळू नका. कॉफी बराच वेळ वर तरंगते. चिकोरी लगेच खाली बसायला लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते.

शुद्धकॉफी
फार बारीक दळलेली कॉफीही बुडते. ही परीक्षा पक्की नाही.

निवांत
बुडण्याकडे नका बघू, रंगाकडे बघा. गार पाण्यात कॉफीचा रंग इतक्या पटकन सुटत नाही. शंका असेल तर शेजारी दुसऱ्या ग्लासात खात्रीची पूड टाकून बघा.

रावपुरेकर
केलं. १८००च्या थोड्या बिया मिक्सरला लावून दुसऱ्या ग्लासात टाकल्या. त्या वरच राहिल्या, पाणी जवळजवळ स्वच्छ. ९२०वालीच्या रेघा मात्र मुलाने फोटो काढेपर्यंत तळाला पोचल्या, पाणी काळ्या चहासारखं. सप्लायरला फोन केला, तर म्हणे "थोडी तो होती है, उसके बिना कलर नहीं आता." सकाळी हाच माणूस अजिबात नाही म्हणत होता.

शुद्धकॉफी
मी काय म्हणत होतो!

घाटमाथा
तुम्ही परीक्षा पक्की नाही म्हणत होतात.

रावपुरेकर, चिकोरी आहे म्हणून ती वाईट असं नाही. पण चिकोरी कॉफीपेक्षा खूप स्वस्त असते, तिचे ९२० का द्यायचे? दुसरा माणूस धरा. त्याच्याकडून अरेबिकातली प्लँटेशन ए किंवा पीबेरी ही प्रत निम्मी आणि धुतलेली रोबस्टा निम्मी, मध्यम-गडद भाजलेली, तुमच्यासमोर फिल्टरसाठी दळून घ्या. चिकोरी वेगळी पुडी घ्या आणि प्रमाण तुम्हीच ठरवा, म्हणजे कशाचे किती दिले ते कळेल. माल आठवड्यापुरताच घ्या. दळलेली कॉफी उघडी राहिली की वास उडायला वेळ लागत नाही, मग हजाराची आणि पाचशेची सारखीच.

अक्का_मांजलपूर
आणि नसेल जमत तर जायफळ.

निवांत
पाणी आरओचं की बोअरचं? बोअरचं जड असेल तर कॉफी सपक लागते. आणि डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) उकळायचं नाही, दूध उकळतं असलं की पुरे. सकाळचं काढलेलं संध्याकाळपर्यंत गॅसवर तापवत बसलात तर कुठलीही पूड फुकट.

रावपुरेकर
आरओ. आमचा पोऱ्या तापवत बसणार याची खात्री आहे, त्याला सांगतो. उद्याची ऑर्डर रद्द केली. खंडेराव मार्केटच्या बाजूला एकजण समोर दळून देतो असं मेव्हण्याने सांगितलं, सकाळी जाऊन पाव-पाव किलो दोन प्रकार आणतो, एकात चिकोरी १५ टक्के, एकात नाही. गिऱ्हाईक कुठला कप परत मागतं ते बघतो. धन्यवाद.

शुद्धकॉफी
बिनचिकोरीचाच मागतील.

घाटमाथा
लागली पैज. हरलात तर साबुदाणा वडा तुमच्याकडून.

कटिंगप्रेमी
वडा कितीला प्लेट आहे? आणि रविवारी दुकान उघडं असतं का?