मदत हवी आहे: 'सई' या नावाचा नेमका अर्थ काय आणि ते आलं कुठून?

नमस्कार मंडळी,

लेकीचं नाव सई. चौथीत आहे. 'माझ्या नावाची गोष्ट' म्हणून पाच ओळी सोमवारपर्यंत लिहून न्यायच्यात. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं, पण विषय रविवारी सगळे घरी असताना काढला आणि तिथेच फसले.

तिची आत्या म्हणते, सई म्हणजे साईच, बोलताना काना गळला. आजोबांच्या मते ते 'सय'वरून, म्हणजे आठवण. नाव ठेवताना मी 'मैत्रीण' हा अर्थ धरला होता, कारण आईच्या मैत्रिणींची पत्रं "प्रिय सये" अशी सुरू व्हायची. नावांच्या एका साइटवर चक्क 'फूल' लिहिलंय. कुठलं फूल, ते मात्र नाही.

मला हे नक्की करायचंय, कारण साईचा घोळ आम्हाला नवा नाही. मागच्या वर्षी चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर छापलं होतं 'कु. साई', खाली 'त्याने मिळवलेल्या यशाबद्दल'. लेकीने निळ्या पेनाने काना खोडला आणि 'त्याने'चं 'तिने' केलं. ते तसंच कपाटावर चिकटवलंय.

तर प्रश्न दोन. सई आणि साई यांचं खरंच काही नातं आहे का? आणि शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई, त्यांच्या नावातली सई हीच का?

प्रतिसाद १

नातं नाही. साई हे स्वामीचं रूप: स्वामी, सामी, साईं. सई येते सखीवरून, मधला टप्पा 'सही'. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ख, घ, ध, भ यांचा बहुतेक वेळा ह होतो. दधिचं दही झालं, गोधूमचा गहू झाला, तसंच सखीचं सही. पुढे मराठीत तो हही गळून सई उरलं. ह गळणं तुम्ही रोज ऐकता: साधूचा साहू, साहूचा साव, म्हणून आपल्याकडे सावकार आणि हिंदीत साहूकार.

पुरावा हवा असेल तर गाथासप्तशती उघडा. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, सुमारे 700 गाथा. त्यात बाई आपलं मनातलं मैत्रिणीला सांगते तेव्हा हाक असते 'सहि'. आईच्या मैत्रिणी पत्रात 'सये' लिहायच्या ना, ती हीच हाक.

आजोबांना दुखवू नका, त्यांचा शब्दही खरा आहे. पण 'सय' स्मृतीवरून आलाय, त्याचं घर वेगळं. फुलाबद्दल न बोललेलं बरं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, एक पाचर मात्र मारते. प्राकृतात सतीचंही सई होतं, त आणि द असेच गळतात (नदीची नई). त्यामुळे निव्वळ ध्वनिनियमावर सखी की सती हा निकाल लागत नाही. पण मराठीत जिवंत राहिला तो मैत्रीण हाच अर्थ. जात्यावरच्या ओव्या ऐका, सये, सयांनो, सयाबाई हे पावलोपावली. अनेकवचनही बाई-बाया तसं सई-सया. मी 'सखी'च्या बाजूने.

सईबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या. संभाजी महाराजांचा जन्म 1657 चा, आणि 1659 मध्ये त्या राजगडावर वारल्या. म्हणजे हे नाव मालिकांमुळे आलेलं नाही, हे तरी आत्याबाईंना ठणकावून सांगा. पाळण्यातलं नाव ठेवताना घरच्यांच्या मनात कुठला अर्थ होता, हे मात्र ध्वनिनियम सांगत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार! दही-गहू हिला लगेच पटलं. मग तिने विचारलं, "म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुली मला नुसतं 'मैत्रीण, मैत्रीण' म्हणून हाक मारतात? भांडण झालं तरी?" हो म्हटलं. त्यावर खूप वेळ हसत होती. पाच ओळींतली तिसरी तीच झाली.

आत्याला प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं म्हणणं, "असेल बाई, पण मी साईच म्हणणार." तिथे इलाज नाही.

आता जाता जाता एक व्यवहाराचं विचारते. इंग्रजी स्पेलिंग आधारवर एस-ए-आय आहे, शाळेच्या दाखल्यावर एस-ए-डबल ई. पहिलं सगळे साई वाचतात, दुसरं कुणी 'सी' वाचतं. पासपोर्ट काढायच्या आधी दोन्हीकडे एकच करून घ्यायचंय. घरात सई असलेल्यांनी कुठलं ठेवलंय? आणि आधी आधार बदलावं की दाखला?